वेल्डिंग करताना अंगावर नेमके काय असावे? (आणि खान्देशच्या उन्हाळ्यात ते कसे टिकवावे?)

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. धुळ्याच्या वेशीवर आमचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. दरवाजे, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पेरणी तोंडावर आली की वखर-पांभरींची दुरुस्ती, असे काम वर्षभर चालते. दुकानात एक जुने मिस्त्री आहेत आणि दोन मुले नुकतीच काम शिकू लागली आहेत. टेरिकॉटची पँट, पायात स्लीपर आणि डोळ्यांवर बाजारात मिळणारा काळा चष्मा, एवढ्यावर ही मुले वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर हातात घेतात. थांबवले की "भाऊ, सगळेच असे करतात," हे उत्तर ठरलेले. रस्त्याकडेच्या बहुतेक दुकानांत खरोखरच तसे दिसते, त्यामुळे दोष एकट्या मुलांचा नाही.

मला सुरक्षेचे साहित्य एकदाच पण योग्य घ्यायचे आहे. पैसे मर्यादित असतील तर आधी काय घ्यावे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो आणि डोक्यावर पत्रा तापलेला असतो. अशा वेळी चामड्याचे जाकीट घालून माणूस किती वेळ उभा राहील? साहित्याची यादी कुठेही मिळते. ती आपल्या हवेत कशी पाळायची, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून ऐकायचे आहे.

वरणगावकर

भाऊ, आधी डोळे आणि चेहरा, मग हात, मग पाय, मग कपडे. धुराचा विषय स्वतंत्र आहे, तो जाणकारांनी मांडावा.

बाजारातला काळा चष्मा आजच बंद करा. त्याने उजेड मंद वाटतो, म्हणून माणूस ठिणगीकडे जास्त वेळ पाहतो. चष्म्याच्या बाजूने आणि खालून किरण आत येतातच आणि चेहरा व गळा उघडा तो उघडाच राहतो. गॅस कटिंगचा हिरवा गॉगलही विजेच्या वेल्डिंगला चालत नाही. एक इंचापर्यंतच्या जाडीच्या गॅस कटिंगला ३ किंवा ४ नंबरची काच पुरते. रॉडच्या वेल्डिंगमध्ये ६० ते १६० अँपिअरपर्यंत १० नंबरची आणि १६० ते २५० अँपिअरला १२ नंबरची काच सुचवली जाते. तुमच्या जाळ्या-दरवाज्यांचे बहुतेक काम १० किंवा ११ नंबरवर होईल.

काच आणायला नव्या मुलाला पाठवाल तेव्हा एक गोष्ट त्याला समजावून सांगा. आपल्याकडे ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला दहा नंबर आणि अडीच मिलिमीटरच्या रॉडला बारा नंबर म्हणतात, म्हणजे नंबर वाढला की रॉड बारीक होतो. काचेचा नंबर वाढला की काच गडद होते. या दोन नंबरांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. तरीही "बारा नंबरचा रॉड, म्हणून बारा नंबरची काच" असा हिशेब करून मुले काच आणतात, मग बारीक रॉडच्या मंद उजेडात त्यांना सांधाच दिसत नाही आणि ती काच वर करून काम करू लागतात.

सातपुडा_पायथा

वरणगावकर, तुमचे म्हणणे मोठ्या कारखान्याला लागू पडते. शिरपूर-चोपड्याच्या पट्ट्यात मी आयुष्यभर हातातल्या ढालीवर, म्हणजे चेहऱ्यापुढे धरायच्या काळ्या काचेच्या पाटीवर, काम केले आहे. तिच्या मागे हवा खेळते आणि नको तेव्हा ती बाजूला ठेवता येते. डोक्यावरचे हेल्मेट उन्हाळ्यात भट्टी होते. शिवाय टाका (तुकडे जागेवर धरून ठेवणारा छोटा सांधा) मारताना रॉडचे टोक नेमके कुठे आहे हे दिसावे लागते. गडद काचेतून ठिणगी पडेपर्यंत सगळा अंधार असतो, म्हणून मुले एक डोळा मिटून, मान वळवून टाका मारतात. ही अडचण खरी आहे आणि ती न सोडवता नुसते नियम सांगितले तर ते कोणी पाळणार नाही.

वरणगावकर

दादा, अडचण तुम्ही अचूक सांगितलीत. बरीच इजा टाके मारताना होते, कारण "एकच टाका आहे" म्हणत दिवसभरात शेकडो टाके उघड्या डोळ्यांनी मारले जातात. ढालीने एक हात अडकतो. मग तुकडा धरायला हेल्पर लागतो आणि त्या हेल्परच्या डोळ्यांवर काहीच नसते.

म्हणून आपोआप गडद होणाऱ्या काचेचे हेल्मेट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ठिणगी पडण्यापूर्वी त्यातून ३ किंवा ४ नंबरच्या काचेइतके स्वच्छ दिसते आणि ठिणगी पडताच सेकंदाच्या काही हजाराव्या भागाच्या आत काच गडद होते. तेवढ्या क्षणात डोळे भाजतील अशी भीती अनेकांना वाटते. परंतु चांगल्या हेल्मेटात अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर काच फिकट असतानाही काम करत असतो. बॅटरी संपली तरी ते संरक्षण राहते, फक्त उजेड झगझगीत लागतो. घेताना युरोपीय मानक ईएन ३७९ चा किंवा त्याच्या जागी आलेल्या ईएन आयएसओ १६३२१ चा शिक्का पाहा. आपोआप गडद होणारी काच घेण्याइतके पैसे आज नसतील, तर पुढची काच वर उचलता येणारे साधे हेल्मेट घ्या. ते काही शे रुपयांत मिळते आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

केळीपट्टा

आमच्या रावेरकडे डोळ्यांना वेल्डिंग लागली की रात्री बटाट्याच्या चकत्या ठेवतात, काही जण बाळंतिणीचे दूध घालतात. त्याने आराम पडतो असे सगळे सांगतात. इथे कोणी डॉक्टर असतील तर त्यांनी खुलासा करावा.

दृष्टी_ओपीडी

मी नेत्रतज्ज्ञ आहे. पेरणीपूर्वीच्या दुरुस्तीच्या दिवसांत असे रुग्ण पहाटे-पहाटे येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजतो. उन्हाने कातडी भाजल्यासारखाच हा प्रकार आहे, मात्र त्याची जाणीव लगेच होत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागते, पाणी वाहते आणि दिवाही सहन होत नाही. दिवसा काम केलेला माणूस मध्यरात्री उठून बसतो तो यामुळेच. हा थर बहुधा २४ ते ४८ तासांत आपोआप भरून येतो. बटाट्याने, दुधाने बरे वाटले असे लोक सांगतात, कारण काही न घालताही तेवढ्या वेळात बरे वाटणारच असते. गार चकतीने पापणीला थोडा गारवा मिळतो हे मान्य, पण चिरलेला बटाटा किंवा दूध सोललेल्या बुबुळाच्या संपर्कात आले की जंतुसंसर्गाचा धोका निर्माण होतो. त्याने डोळा कायमचा अधू होऊ शकतो. स्वच्छ कापडाची गार पट्टी, अंधारी खोली, डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि वेदनेची गोळी एवढे पुरते.

काही ठिकाणी डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून घरी वारंवार घालतात. कृपा करून असे करू नका. वेदना थांबते, पण जखम भरण्याचे कामही थांबते आणि बुबुळावर व्रण पडू शकतो.

वेल्डिंग लागली की सहसा दोन्ही डोळे दुखतात. एकच डोळा टोचत असेल, तर ग्राइंडरचा लोखंडी कण रुतल्याचा संशय धरून लगेच तपासून घ्यावे. असा कण राहिला की त्याभोवती काही तासांतच गंजाचे वलय तयार होऊ लागते. काडी किंवा रुमालाच्या टोकाने तो काढायला शेजाऱ्याला सांगू नका.

गिरणामाई

डॉक्टर ताई, माझा भाऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो. ठिणगीच्या उष्णतेने लेन्स डोळ्याला चिकटते असे ऐकले आहे, त्यामुळे घरात सगळे घाबरले आहेत.

दृष्टी_ओपीडी

ती अफवा आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने किंवा उजेडाने लेन्स डोळ्याला चिकटत नाही. धूळ आणि धुरामुळे लेन्सखाली त्रास होऊ शकतो, म्हणून कामाच्या वेळी नंबरचा चष्मा आणि त्यावर हेल्मेट घालणे अधिक सोयीचे.

शिलाई_अमळनेर

कपड्यांवर अजून कोणी लिहिले नाही. माझे पती वेल्डर आहेत आणि मी कपडे शिवते, त्यामुळे हा विषय माझ्या मशीनवरून गेलेला आहे.

टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर यांपैकी काहीही नको. सुती कापडावर ठिणगी पडली तर लहान काळे भोक पडते आणि झटकता येते. टेरिकॉट वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. तो काढताना कातडीही निघते. जाड सुती ड्रिल किंवा साधे डेनिम उत्तम, फक्त डेनिम ताणले जाणारे नको, कारण त्यात कृत्रिम धागा असतो. बाजारातल्या शर्टची एक बाब दुकानदारही सांगत नाहीत. कापड शुद्ध सुती असते, पण शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असतो. खांद्यावर ठिणग्या पडत राहिल्या की दोरा वितळतो आणि शिवण उसवते. मी पतीचे कपडे सुती दोऱ्याने शिवते. खिशाला झाकण लावते किंवा वरचा खिसा ठेवतच नाही. पँटची मोहरी दुमडलेली ठेवत नाही, कारण ठिणग्या नेमक्या त्या दुमडीत साठतात. कॉलरचे बटण गळ्यापर्यंत येते, कारण गळ्याखालचा त्रिकोण आधी भाजतो. बाही मनगटापर्यंत हवी आणि पँट बुटाच्या बाहेरून यायला हवी. सुटलेले धागे, फाटलेल्या कडा कापून टाकाव्यात. आग तिथूनच धरते. तेलाने माखलेले कपडे धुतल्याशिवाय पुन्हा घालू देत नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न आम्ही असा सोडवला. पूर्ण चामड्याचे जाकीट फक्त डोक्यावरच्या सांध्यांच्या कामाला वापरायचे. एरवी सैल सुती शर्ट, त्यावर छातीपासून गुडघ्याखालपर्यंत चामड्याचा अ‍ॅप्रन आणि दोन चामड्याच्या बाह्या. पाठ मोकळी राहते आणि घाम वाळतो. वेल्डरच्या अंगावर ठिणग्या समोरूनच येतात, त्यामुळे बसून किंवा उभ्याने होणाऱ्या कामाला एवढे पुरते.

सातपुडा_पायथा

ताई, अ‍ॅप्रन आणि बाह्यांची जोडी मला पटली. हे आमच्याकडेही करता येईल.

जिनिंगची_पेढी

कापसाच्या गावातला एक धोका मांडतो. हंगामात जिनिंगमध्ये दुरुस्तीला येणारे वेल्डर तिथे वावरले की त्यांच्या कपड्यांवर, केसांवर, बुटांच्या नाड्यांवर रुईची बारीक लव बसते. एका ठिणगीत ती अंगभर भुरकन पेटते. म्हणून आमच्याकडे वेल्डिंग सुरू करण्याआधी माणसाने बाहेर जाऊन कपडे झटकायचे आणि कामाची जागा झाडून ओली करायची, असा दंडक आहे. काम संपल्यावर किमान तासभर एक माणूस पाण्याची बादली घेऊन तिथेच थांबतो, कारण रुईच्या ढिगात ठिणगी आतल्या आत धुमसत राहते.

कपडे झटकण्यासाठी गॅस कटिंगच्या ऑक्सिजनची नळी अंगावर धरणारे कारागीर मी पाहिले आहेत. उन्हाळ्यात गार वाटावे म्हणूनही काही जण ती शर्टात सोडतात. ऑक्सिजन कापडात मुरला की साधी ठिणगीही सगळे कापड एकदम पेटवते आणि विझवायला वेळच मिळत नाही. हे कोणीही कधीही करू नये.

निदेशक_वेल्डर_ट्रेड

धुराबद्दल मी लिहितो, कारण मुलांना शिकवताना सर्वांत कमी ऐकला जाणारा विषय हाच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधून निघणारे अतिनील किरण या दोन्हींना माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. त्यापूर्वी धूर "संभाव्य" गटात होता. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असते, म्हणून स्टीलच्या रेलिंगचे काम करणाऱ्यांनी विशेष जपावे.

आपल्या भागात नेहमी घडणारा प्रकार जस्ताच्या पाइपांचा आहे. गोठे, शेडनेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड अशा कामांत जस्ताचा मुलामा असलेला पाइप तसाच जोडला जातो आणि पांढरा दाट धूर निघतो. संध्याकाळी तोंडाला धातूची चव येते, मग हुडहुडी भरून ताप चढतो आणि माणूस मलेरिया समजून गोळ्या घेतो. हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. वर गूळ खाल्ला किंवा दूध प्यायले की धूर "मारला जातो" हा समज सर्वत्र आहे, पण छातीत गेलेला धूर पोटात गेलेल्या दुधाने निघत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आधी घासून काढावा. घासतानाही मास्क हवा. ब्रेक साफ करण्याचा क्लोरीनयुक्त द्रव लावलेल्या भागावर तर वेल्डिंग करूच नये, कारण अतिनील किरणांनी त्याच्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

तोंडाला बांधलेला रुमाल या धुराला अडवत नाही, कारण धुराचे कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आयएस ९४७३ चा शिक्का असलेला, बारीक कण गाळणारा एफएफपी २ मास्क हेल्मेटखाली बसतो. मास्कइतकेच पंख्याला महत्त्व आहे. उकाड्यामुळे सगळे पंखा पाठीमागे लावतात. वारा अंगाला वळसा घालून जातो आणि छातीसमोर भोवरा तयार होऊन धूर चेहऱ्याकडे ओढला जातो. पंखा बाजूला, आडवा ठेवावा. डोके धुराच्या खांबातून बाहेर ठेवून काम करण्याची सवय मुलांना पहिल्या आठवड्यातच लावावी. नंतर ती लागत नाही.

भुसावळ_यार्ड

उन्हाळा आणि विजेचा झटका यांचा संबंध राहून गेला. ट्रान्सफॉर्मरच्या साध्या मशीनमध्ये रॉड टेकलेला नसताना होल्डरवर ७० ते ८० व्होल्ट असतात. एवढ्याने काही होत नाही असे मानले जाते. कोरड्या कातडीला ते अनेकदा खरे ठरते, पण घामाने चिंब झालेल्या शरीराचा विरोध फार घटतो आणि लोखंडी ट्रॉलीत बसून काम करणारा माणूस चारही बाजूंनी धातूला टेकलेला असतो. रॉड बदलताना हातमोजा काढणे ही सर्वांत वाईट सवय आहे.

म्हणून प्रत्येक माणसाला चामड्याच्या हातमोज्यांच्या दोन जोड्या द्या, एक वाळत आणि एक हातात. ओला हातमोजा विजेपासून वाचवत नाही आणि ओले चामडे तापले की आक्रसून कडक होते. पायात रबरी तळाचे, आयएस १५२९८ भाग २ चा शिक्का असलेले बूट असावेत. त्यांचा पुढचा टोप २०० ज्यूलचा आघात सोसतो. ट्रॉलीत बसताना खाली कोरडी लाकडी फळी घ्या. ड्रिल मशीनवर मात्र हातमोजे काढून ठेवावेत, कारण फिरत्या ड्रिलमध्ये हातमोजा गुंतला तर बोट जाते.

गिरणामाई

साहित्य मालकाने द्यायचे की कारागिराने आणायचे, यावर आमच्या आळीत नेहमी वाद होतो. त्याबद्दल कायदा काय सांगतो?

वरणगावकर

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३५ खास डोळ्यांच्या संरक्षणासाठी होते आणि ती जबाबदारी कारखानदारावर होती. दोन-तीन माणसांची दुकाने मात्र अशा कायद्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. माझ्या मते इथे कायद्याची वाट पाहू नये. रॉडचा पुडा मालक आणतो, ग्राइंडरची चकती मालक आणतो, मग काच कारागिराने का आणावी? साहित्य माणसागणिक वेगळे असावे, त्यावर त्याचे नाव असावे. सामाईक हेल्मेट कोणीच पुसत नाही आणि दुसऱ्याच्या घामाचे हेल्मेट घालायला कोणी तयार होत नाही.

पांझराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी मिस्त्रींना वाचून दाखवला. त्यांनी गूळ-दुधाच्या मुद्द्यावर बराच वेळ वाद घातला, पण पंखा त्याच दिवशी बाजूला सरकवला.

आम्ही ठरवले आहे ते असे. मिस्त्रींना आपोआप गडद होणारे हेल्मेट, मुलांना काच उचलता येणारी साधी हेल्मेटे, प्रत्येकाला हातमोज्यांच्या दोन जोड्या, बूट, अ‍ॅप्रन आणि बाह्या. कपडे सुती दोऱ्याने शिवून घेऊ. मे महिन्यात जड वेल्डिंग सकाळी सहा ते अकरा आणि उन्हे उतरल्यावर करू. मधल्या वेळात सावलीत मापे आणि कटाईची कामे. साखर-मिठाच्या पाण्याचा माठ दुकानातच ठेवला आहे.

एक शंका उरते. आमचे दुकान रस्त्याला लागून आहे आणि शाळा सुटल्यावर मुले ठिणग्या पाहत उभी राहतात. समोर हिरवे शेडनेट बांधले तर चालेल का?

निदेशक_वेल्डर_ट्रेड

शेडनेट नको. त्याच्या जाळीतून किरण जातात आणि ते प्लास्टिक ठिणगीने पेटते. वेल्डिंगसाठीचा खास पडदा मिळाला तर उत्तम, नाहीतर लोखंडी चौकटीत पत्रा बसवून चाकांवर उभा करा, म्हणजे कामाप्रमाणे सरकवता येईल. उंची माणसाच्या डोक्याच्या वर हवी आणि खाली वीतभर फट ठेवा, हवा खेळती राहील. पत्र्याची आतली बाजू चकचकीत ठेवू नका. तिच्यावरून परतलेले किरण हेल्मेटच्या मागून वेल्डरच्याच डोळ्यांत जातात. चमक नसलेला, मॅट रंग द्या.

काम शिकणाऱ्या मुलांच्या साध्या हेल्मेटांसाठी हेही सांगून ठेवतो. काळ्या काचेच्या पुढे पांढरी साधी काच बसवलेली असते, शिंतोडे तीच झेलते. ती धुरकट झाली की मुले काळी काचच फिकट घेऊन येतात. सव्वाचार बाय सव्वातीन इंचांच्या पांढऱ्या काचा स्वस्त मिळतात. डझनभर आणून ठेवा. स्लॅग (सांध्यावर जमणारी कडक खपली) ठोकताना आणि ग्राइंडर चालवताना काळी काच वर गेलेली असते, म्हणून हेल्मेटच्या आत पारदर्शक चष्मा कायम हवा, हे त्यांना सांगा. ग्राइंडरचे गार्ड कोणी काढून ठेवले असेल तर तेही परत बसवून घ्या.

पांझराकाठ

गार्ड काढलेलेच होते. बसवले आहे. चष्मे आणि पांढऱ्या काचा उद्याच्या यादीत लिहिल्या.